विचारून सांगते

जूनमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून बत्तीस मिनिटांनी, सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या एका फ्लॅटमध्ये, दहा वर्षांच्या एका मुलीला तिची आत्या वारल्याचं सांगण्यात आलं. मुलगी युगांडाची होती आणि मुलांच्या गायनवृंदाबरोबर दौऱ्यावर आली होती. सांगणाऱ्या बाई मराठी होत्या, वय अडुसष्ट. ही बातमी मुलीला सांगू नये, असं त्यांना त्याच दिवशी दुपारी बजावण्यात आलं होतं. खोलीत तिसरं माणूस मी होते.

बाईंचं नाव इथे देत नाही. सिंगापूरमधली मराठी माणसं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत आणि कोणत्या बाई, असं कुणी विचारत नसे. एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. कोणता खलाशी कोणत्या जहाजावर चढला, कुठल्या बंदरात उतरणार, घरी कधी पोचणार, याची नोंद ठेवायची आणि त्यांच्या घरच्यांचे फोन घ्यायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. लग्न का केलं नाही, असं एकीनं भर पंगतीत विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “दोघांनी विचारलं होतं. दोघंही आवडले नाहीत.” आणि त्यांनी भाताला तूप मागितलं.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. कारण एकच होतं: बाई अंदाजानं बोलत नसत. ‘पाच मिनिटांत आले’ असं त्यांच्याकडून कुणी कधी ऐकलं नाही. “नऊ मिनिटं लागतील, लिफ्ट वरच असली तर आठ,” असं त्या सांगत आणि नवव्या मिनिटाला समोर असत. ‘बघू’, ‘जमवू’, ‘नक्की’ हे शब्द त्या वापरत नसत. बुकित तिमाहमधल्या एका कॉन्डोत गणपतीच्या जेवणाला त्या गेल्या होत्या. निघताना चपला पायात सरकवत त्या म्हणाल्या, “जाते.”

यजमानीणबाई दचकल्या. “अहो बाई, जाते काय म्हणता! येते म्हणा.”

“पण मी येणार नाहीये.”

“अहो, म्हणायची पद्धत असते ती.”

“पुढच्या वर्षी बोलावलंत आणि माझी तब्येत बरी असली, तर येईन. आत्ता जाते.”

त्याआधी अर्धा तास मोदक कसे झालेत, असं त्यांना विचारण्यात आलं होतं. “पारी जाड झालीय. सारण चांगलं आहे,” असं उत्तर मिळालं होतं. पुढच्या वर्षी बोलावणं गेलं नाही. बाईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. “बोलवायचं नव्हतं, बोलावलं नाही. खरं वागले,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नाला चारच उत्तरं होती. हो. नाही. माहीत नाही. आणि चौथं, ‘विचारून सांगते’. हे चौथं उत्तर जो ऐके, तो ते विसरून जाई. बाई विसरत नसत. तीन दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी फोन येई आणि नमस्कार-चमत्कार न होता उत्तर मिळे. माझ्या शेजारणीनं एकदा सहज विचारलं होतं की, सेरंगून रोडवरच्या अमक्या दुकानात भाजणी मिळते का. दीड महिन्यानं बाईंचा फोन आला : “मिळत नाही. मागवणारही नाहीत. मालकाला विचारलं.” शेजारीण तोवर पुण्याला जाऊन भाजणी घेऊन परत आली होती.

वृंदात अठरा मुलं होती, आठ ते बारा वर्षांची. त्यांच्या शाळेच्या मदतीसाठी हा दौरा होता. सिंगापूरचा मुक्काम दहा दिवसांचा. चर्चच्या सभागृहांत आणि शाळांमध्ये कार्यक्रम, आणि राहायला स्वयंसेवकांची घरं. चार मुलांमागे दोन मोठी माणसं, आणि कुठलंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही, हा नियम फॉर्मच्या पहिल्याच पानावर होता. मी पुण्यात एका दैनिकात सतरा वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले होते आणि मोकळी होते. स्वयंसेवकांच्या याद्या करणाऱ्या मुलीनं मला फोनवर सांगितलं, “तुमच्याबरोबर एक मराठी आँटी आहेत. सांभाळून घ्याल ना?” कुणाला, हे तिनं स्पष्ट केलं नाही. दहा दिवसांची बॅग भरून मी मरीन परेडला बाईंच्या फ्लॅटवर गेले.

चार मुली आमच्या वाट्याला आल्या. त्यातल्या दोघींची नावं इथे पुरेत. मिरेम्बे अकरा वर्षांची, बोलकी, समोरच्याला जोखणारी. सान्यू दहा वर्षांची, कमी बोलणारी. वृंदातली मुख्य गायिका तीच. मुलींशी बोलणं इंग्रजीतून होई. इथे ते मराठीत देत आहे.

पहिल्याच संध्याकाळी मिरेम्बेनं बाईंची परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

“आँटी, मी छान गाते?”

“दुसऱ्या कडव्यात तू घाई करतेस. बाकी छान.”

“सान्यू माझ्याहून चांगली गाते?”

बाकीच्या मुलींनी श्वास रोखला. सान्यू खाली बघत होती.

“हो,” बाई म्हणाल्या. “पण नाचात तिचे पाय चुकतात आणि तुझे चुकत नाहीत. आज दोनदा पाहिलं.”

मिरेम्बेनं थोडा वेळ विचार केला. मग ती सान्यूला म्हणाली, “बघ, मी सांगत होते ना, डावा पाय आधी!” त्या रात्री चौघी एकाच खोलीत झोपल्या. कुणी रडलं नाही. इतर घरांमधून पहिल्या रात्री रडारडीचे फोन वृंदाच्या संचालकांना गेले होते. हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कच्ची केळी आणून, उकडून, कुस्करून ठेवली. युगांडात मटोके नावाचा पदार्थ असतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. चौघींनी एकेक घास घेतला.

“हे मटोके नाही, आँटी,” मिरेम्बे म्हणाली.

“मग काय आहे?”

“उकडलेली केळी.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी उपासासाठी केलेली दाण्याची आमटी सगळ्यांच्या ताटात वाढली. सान्यूनं ती चाखली, केळ्यावर ओतली आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली : “हे बरोबर आहे. माझी सेंगा असंच करते.”

सेंगा म्हणजे वडिलांची बहीण, आपली आत्या. सान्यूला तिनंच वाढवलं होतं.

मुलींनी बाईंचं नाव ‘आँटी एक्झॅक्टली’ ठेवलं. प्रश्नांना अंत नव्हता आणि एकही प्रश्न उडवून लावला जात नव्हता. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, मैना माणसांना का भीत नाहीत, असं मिरेम्बेनं विचारलं. बाई उठल्या, ताटं गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या चिनी अंकलपाशी गेल्या आणि त्यांना विचारून आल्या.

“ते म्हणाले, ‘दे ऑल्सो हंग्री, लाह.’ पण मला हे पूर्ण उत्तर वाटत नाही. आणखी विचारते.”

मुलींना एवढं कधी हसताना मी पाहिलं नव्हतं. बाई हसत नव्हत्या. त्या वहीत लिहून घेत होत्या.

तिसऱ्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तालमीच्या ठिकाणी, बसमध्ये, स्टेजच्या मागे, इतर घरांत उतरलेल्या मुली एकमेकींना सारखं विचारत : किती वेळ आहे अजून, कुठे चाललोय, केव्हा जेवायचं. आमच्या चौघी विचारत नसत. त्यांना माहीत असे. एमआरटीच्या, इथल्या मेट्रोच्या, फलाटावर गाडीला चार मिनिटं आहेत, तिसऱ्या स्टेशनवर उतरायचं आहे, तिथून चालायला अकरा मिनिटं, वाटेत ऊन असेल. हे सगळं सांगून झालेलं असे. मुली ते ऐकून शांतपणे खिडकीबाहेर बघत. सतरा वर्षं मी माहिती तपासण्याचं काम केलं. माहितीमुळे कुणाचा चेहरा असा सैल पडताना मी आधी पाहिलेला नव्हता.

बुधवारी, मुक्कामाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी, सान्यू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सेंगाला दवाखान्यात ठेवलं आहे, हे तिला दौऱ्यावर निघाल्यापासून माहीत होतं. रविवारच्या फोनवर सेंगा बोलली नव्हती. ‘झोपली आहे’ असं काकानं सांगितलं होतं.

“आँटी, माझी सेंगा कशी आहे, ते तुम्ही विचाराल? टीचर म्हणतात, बरी होईल.”

“विचारून सांगते,” बाई म्हणाल्या. “उद्या संध्याकाळी साडेपाचला. तुमचं खाणं झाल्यावर.”

“जे असेल ते?”

“जे असेल ते.”

गुरुवारी दुपारी एक वाजता, चर्चच्या सभागृहात तालीम चालू असताना, संचालकांनी आम्हा दोघींना बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं. संचालक युगांडाचेच, पन्नाशीचे, शांत स्वभावाचे. मुलं त्यांना ‘टीचर’ म्हणत. सान्यूची आत्या त्या दिवशी पहाटे गेल्याचं शाळेच्या कचेरीतून त्यांना कळलं होतं. सिंगापुरात आणखी तीन दिवस होते, आणि पुढच्या देशात तीन आठवडे. घरी पोचल्यावर काकाच्या समोर तिला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तोवर कुणीही काही बोलायचं नाही.

“मी तिला आज साडेपाचला सांगणार आहे,” बाई म्हणाल्या. “तसं तिला कबूल केलंय.”

“मॅडम, माझं ऐकून घ्या.” त्यांचा आवाज चढला नाही. “मागच्या एका दौऱ्यात एका मुलाला त्याचे वडील गेल्याचं मी स्वतः सांगितलं. घरापासून हजारो मैलांवर. त्याची आई नाही, भाऊ नाही, ओळखीचं झाडसुद्धा नाही जवळ. त्यानं बोलणं बंद केलं. तो परत गेला तोवर माती होऊन गेली होती. तिथे पोचल्यावर तो मला काय म्हणाला माहीत आहे? ‘टीचर, तुम्ही मला तिथे का सांगितलंत?’”

बाईंनी हे नीट ऐकलं. मग विचारलं, “तो सान्यू होता का?”

“नाही.”

“त्यानं तुम्हाला आधी विचारलं होतं का, वडील कसे आहेत म्हणून?”

“नाही.”

“हिनं विचारलंय.”

माझं मत संचालकांच्या बाजूचं होतं. ते मी तिथेच सांगितलं. पण सवयीनं एक प्रश्न माझ्याही तोंडून गेला : बातमी शाळेच्या कचेरीनं दिली, घरच्यांशी कोण बोललं? कुणीच बोललेलं नव्हतं. खात्री करायला हवी, हे संचालकांनाही पटलं. त्यांनी काकाचा नंबर बाईंना दिला आणि म्हणाले, “खात्री करा. पण मुलीला सांगितलंत, तर तुमचं नाव मला यादीतून काढावं लागेल.”

“काढा. पण साडेपाचनंतर काढा,” बाई म्हणाल्या. “आधी काढलंत तर घरात एकच मोठं माणूस उरेल. तुमचा नियम मोडेल.”

जाता जाता त्या वळल्या. “तुम्हाला तिची भाषा येते, मला येत नाही. तुम्ही सांगितलंत तर जास्त चांगलं. साडेपाचच्या आत या.”

संचालक तालमीकडे परत गेले.

आम्ही मुलींना घेऊन तीन वाजता घरी आलो. युगांडात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मुली आतल्या खोलीत नाचाचा सराव करत होत्या. बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि कोऱ्या कागदावर आकडे घालून लिहू लागल्या. मला वाटलं, काय बोलायचं ते लिहून काढताहेत. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “तू पेपरात होतीस. बघ, काही राहिलंय का.”

ते काकाला विचारायचे प्रश्न होते. सव्वीस. किती वाजता गेली. जवळ कोण होतं. खाट कुठे होती, खिडकीशी की दाराशी. दुखत होतं का, कुठवर दुखत होतं, औषध मिळालं का. शेवटचं काय खाल्लं. अंगावर कोणते कपडे होते. शेवटचं बोलली ते काय, कुणाशी. सान्यूचं नाव घेतलं का. घेतलं तर कोणत्या दिवशी. माती कधी, कुठे, कोण येणार. आत्ता घराची किल्ली कुणाकडे आहे.

“एवढं कशाला विचारायचं, बाई?” मी म्हटलं. “खात्री करायला पहिला प्रश्न पुरे.”

“मला कशाला हवंय? ती विचारेल.”

त्या कागदात मला काही भर घालता आली नाही. वृत्तपत्रातली सगळी वर्षं जमेस धरून सांगते, इतकी पूर्ण प्रश्नावली माझ्या हातात कधी आली नव्हती.

फोन चाळीस मिनिटं चालला. काकाला इंग्रजी बेताचं येत होतं. बाई प्रत्येक प्रश्न सावकाश दोनदा विचारत होत्या आणि उत्तर पुन्हा वाचून दाखवत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “मी हे सान्यूला आज सांगितलं तर तुमची हरकत आहे का?” काका म्हणाला, मला वाटलं तिला कळलंय. ती फोन का करत नाही, म्हणून आम्ही वाट बघतोय.

फोन ठेवल्यावर बाई पाणी प्यायल्या. त्या आपणहूनच बोलल्या.

“दाभोळकडचा एक खलाशी होता आमच्याकडे. जहाज समुद्रात असताना त्याचे वडील गेले. कंपनीनं ठरवलं, सांगायचं नाही. सिंगापूरला उतरेल, घरी जाईल, तिकडच्या विमानतळावर सांगू. मला फोन, त्याला विमानात बसेपर्यंत सोबत कर. वडील जाऊन नऊ दिवस झाले होते. तो उतरला आणि म्हणाला, ताई, वेळ आहे, लिटिल इंडियात जाऊ, बाबांना चपला घ्यायच्यात. ते चोवीस तास उघडं असतं ना मोठं दुकान, तिथे गेलो. त्यानं दोन जोड हातात धरले. म्हणाला, ताई, आठ नंबर होईल का हो? मी म्हटलं, अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजत असतील.”

“मग?” मी विचारलं.

“एवढंच,” बाई म्हणाल्या. “मी चपलांचा नंबर सांगितला.”

“तो नंतर काही बोलला?”

“नाही. पुढे दुसऱ्या कंपनीत गेला. मी त्याला कधी विचारलं नाही.”

पावणेपाच वाजता बाईंनी मुलींना खायला दिलं : शिरा, आणि दूध. सान्यूनं बशी रिकामी केली. पाच वाजून चोवीस मिनिटांनी बाईंच्या फोनवर संचालकांचा निरोप आला : ‘येतो आहे. बस अडकली आहे. दहा-बारा मिनिटं.’ ते सांगायला येताहेत की थांबवायला, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. बाईंनी निरोप मला दाखवला.

“थांबा ना दहा मिनिटं,” मी म्हटलं.

“दहा का बारा, तेच त्यांना माहीत नाही. आणि साडेपाच मी सांगितले होते.”

“निदान मी आत जाऊ का?”

“नियम दोन मोठ्या माणसांचा आहे. तू इथेच बस. पण बोलू नकोस.”

साडेपाचला सान्यू बाहेर आली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई खुर्चीवरून उठल्या आणि जमिनीवर बसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. त्यांना बसायला वेळ लागला. सान्यू समोर बसली.

“मी विचारलं,” बाई म्हणाल्या. “बातमी वाईट आहे. तुझे टीचर बसमध्ये आहेत. ते तुला तुझ्या भाषेत सांगू शकतील. त्यांना यायला सहा मिनिटं लागतील असं मला वाटतं, पण खात्री नाही. तू त्यांच्यासाठी थांबू शकतेस, किंवा मला विचारू शकतेस. तुला हवं तसं.”

सान्यू थांबली. घड्याळाचा काटा सरकत होता. आतल्या खोलीत मिरेम्बे बाकीच्या दोघींना पाऊल दाखवत ताल मोजत होती.

“आँटी,” सान्यू म्हणाली, “ती मेली का?”

“हो.”

पाच बत्तीस झाले होते.

बाईंनी तिला जवळ ओढलं नाही. पाठीवर हात ठेवला नाही. ‘रडू नको’ म्हणाल्या नाहीत, की ‘देवाघरी गेली’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी कागद जमिनीवर दोघींच्या मध्ये ठेवला आणि त्या तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिल्या.

मग प्रश्न सुरू झाले.

“केव्हा?”

“आज. तिथले पहाटेचे चार वाजले होते. इथे नऊ. तू तेव्हा दात घासत होतीस.”

“तिच्याजवळ कोण होतं?”

“तुझा काका. आणि रोझ नावाची नर्स. काकानं हात धरला होता. उजवा.”

“दुखत होतं?”

“मंगळवारपर्यंत खूप. मंगळवारी दुपारी औषध दिलं. मग नाही.”

“तिनं मला विचारलं?”

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. “मंगळवारी. म्हणाली, सान्यू आज कुठे गाते आहे. काकाला माहीत नव्हतं. बुधवारी ती बोलली नाही.”

“मंगळवारी मी कुठे गात होते?”

“त्या मोठ्या शाळेत. तीन वाजता.”

सान्यूनं मान हलवली. प्रश्न येत राहिले आणि उत्तरं कागदावर होती. कोणते कपडे होते : निळा ड्रेस, पांढऱ्या कॉलरचा. माती केव्हा : उद्या दुपारी, घरामागच्या जागेत. दोन प्रश्नांना बाई ‘माहीत नाही’ म्हणाल्या. मिरेम्बे केव्हातरी बाहेर आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती.

“कोंबड्यांना संध्याकाळी आत कोण घेतं?” सान्यूनं विचारलं.

बाईंचं बोट कागदावरून खाली आलं, पुन्हा वर गेलं. “हे मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. विचारून सांगते.” आणि त्यांनी तिथल्या तिथे काकाला फोन लावला. शेजारच्यांची मुलगी घेते, असं उत्तर आलं. बाईंनी ते सांगितलं आणि फोन सान्यूच्या हातात दिला. काकाचा आवाज ऐकल्यावर ती रडायला लागली. मिरेम्बे येऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

मी दाराकडे बघितलं. जाळीच्या दारापलीकडे, कॉरिडॉरमध्ये, संचालक उभे होते. शर्ट घामानं भिजला होता. त्यांनी बेल वाजवली नव्हती. केव्हा आले, असं मी त्यांना नंतर विचारलं. पाच पस्तीसला, असं ते म्हणाले. तेव्हापासून ते तिथेच होते.

फोन संपल्यावर ते आत आले, जमिनीवर बसले आणि सान्यूशी त्यांच्या भाषेत बोलले. ते काय बोलले, हे मला सांगता येणार नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी ते उठले. बाई स्वयंपाकघरात बश्या विसळत होत्या.

“मॅडम, तुमचं नाव मला काढावं लागेल.”

“हो. माझ्या जागी कोण येणार? सान्यूला अंधारात झोप लागत नाही, बाथरूमचा दिवा चालू ठेवायला त्यांना सांगा. आणि इथेच येणार असतील तर मी भावजयीकडे जाते.”

सात वाजता दुसरी स्वयंसेविका आली. बाई एक पिशवी घेऊन निघाल्या. स्वतःच्या घरातून.

संचालकांनी सान्यूला विचारलं, परत जायचं का. काकानं कळवलं होतं, तिला हवं तसं करा. तिनं रात्रभर विचार केला आणि शुक्रवारी सकाळी सांगितलं : वृंदाबरोबर राहायचं; शनिवारी गायचं नाही, पण आपल्या जागेवर उभं राहायचं. तो कागद तिनं स्वतःकडे ठेवून घेतला होता. शुक्रवारी संध्याकाळी, युगांडात दुपार असताना, मिरेम्बे आणि बाकीच्या दोघी तिच्याबरोबर फ्लॅटच्या खिडकीशी उभ्या होत्या. तिथून समुद्र दिसतो.

शनिवारचा कार्यक्रम चार वाजता होता. बाई तिकीट काढून आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. नऊ गाणी झाली. सान्यूचं एकल गाणं मिरेम्बेनं गायलं. दुसऱ्या कडव्यात तिनं घाई केली नाही. सान्यू पहिल्या ओळीत, डावीकडून चौथी, अथपासून इतिपर्यंत ओठ मिटून उभी होती. नाचाच्या वेळी तिची पावलं बरोबर पडत होती. सभागृह भरलेलं होतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाई बसून होत्या, हात मांडीवर.

सोमवारी सकाळी वृंद पुढच्या देशाला निघाला. विमानतळावर मुलं दोघादोघांच्या रांगेत उभी होती. बाई आल्या होत्या, पण स्वयंसेवकांच्या घोळक्यापासून वेगळ्या, एका खांबापाशी थांबल्या होत्या. सान्यूनं संचालकांना काहीतरी विचारलं. त्यांनी बाईंच्या दिशेनं बघितलं आणि मान हलवली. ती रांगेतून निघाली, चालत बाईंपाशी गेली आणि तिनं एक प्रश्न विचारला. मी पंधरा-वीस पावलांवर होते. मला ऐकू आलं नाही. बाईंचे ओठ एकदाच हलले. उत्तर एका शब्दाचं होतं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, तिनं काय विचारलं. बाई म्हणाल्या, “प्रश्न तिचा आहे. तिला विचार.” मी विचारलेलं नाही.

विमानतळावर ते उत्तर ऐकून सान्यू परत रांगेत गेली होती आणि मिरेम्बेशेजारी उभी राहिली होती. विमान नऊ वाजून चौदा मिनिटांनी सुटलं, चार मिनिटं उशिरा.